हेमंतांत तुंगनाथाला निघण्यापूर्वीं

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोंच हल्लीं पुष्कळ घरांत हिमालयाचे बेत शिजूं लागतात. मुलगा रजा किती शिल्लक आहे तें पाहतो, सून गाडीचीं तिकिटें शोधते, आणि सेवानिवृत्त सासरे कपाटांतला जुना स्वेटर काढून उन्हांत टाकतात. या उत्साहाबद्दल माझी कांहींच तक्रार नाहीं. आमच्या आजोबा-पणजोबांस जें सुख आयुष्याच्या अखेरीस एकदां मिळालें तर मिळे, तें आतां चाळिशींत, आणि तेंही दोन-तीन वेळां, मिळूं शकतें ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु या मंडळींची तयारी पाहिली तर ती बहुधा खरेदीची असते. जोडे नवे, टोप्या नव्या, पाठीवरच्या पिशव्या नव्या. जी तयारी बाजारांत मिळत नाहीं, आणि जी करतांना आपल्यासारख्या घरांतील माणसांस इतरांपेक्षां अधिक जड जातें, तिच्याविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं.

उदाहरणादाखल मी तुंगनाथ-चंद्रशिला ही वाट घेतों. महाराष्ट्रांतील मंडळी तेथें अलीकडे पुष्कळ जातात, आणि मीही ती दोन वेळां चाललों आहें. हृषीकेशाहून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, ऊखीमठ असा मोटारीचा रस्ता चोपता या ठिकाणीं येतो. चोपत्याची उंची सुमारें २,७०० मीटर. तेथून साडेतीन-चार किलोमीटरच्या फरसबंदी वाटेनें पंचकेदारांपैकीं तुंगनाथाचें मंदिर लागतें. तें सुमारें ३,७०० मीटरवर आहे. मंदिराच्या मागील बाजूनें आणखी दीडएक किलोमीटर चढलें म्हणजे चंद्रशिलेचा माथा, उंची सुमारें ४,००० मीटर. पांच-साडेपांच किलोमीटर हा आंकडा ऐकून माणूस फसतो. रोज सकाळीं तेवढें फिरतोंच कीं, असें त्याला वाटतें. पण महाराष्ट्राचें सर्वोच्च शिखर जें कळसूबाई तें १,६४६ मीटर आहे. म्हणजे जेथें मोटारींतून खालीं उतरावयाचें तें चोपताच कळसूबाईच्या माथ्याहून हजार मीटरांनीं उंच, आणि तेथून खरा चढ सुरू व्हावयाचा.

दुसरी गोष्ट, कार्तिक सरतांना या वाटेचें रूप पालटतें. ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या आरंभीं मंदिराचीं कपाटें बंद होतात व देवाची उत्सवमूर्ति खालीं मक्कूमठास नेतात. तेथें हिंवाळाभर पूजा होते. देव खालीं गेले कीं त्यांच्या आश्रयानें चाललेलीं चहाचीं दुकानें व धर्मशाळाही एकेक करून बंद होतात. उन्हाळ्यांतील यात्रेकरूनें सांगितलेली माहिती, "वाटेवर सगळें मिळतें", ही त्यानंतर खरी राहत नाहीं. जें लागेल तें पाठीवरून न्यावें लागतें.

आपल्या ऋतुगणनेंत मार्गशीर्ष व पौष म्हणजे हेमंत. पर्वतावर मात्र हेमंत पंचांग पाहून येत नाहीं. पावसाळा सरल्यावर येथील आकाश असें धुऊन निघतें कीं चौखंबा, नंदादेवी, त्रिशूल हीं शिखरें हात लांब केला तर लागतील असें वाटावें. याच लोभानें माणसें या दिवसांत जातात, आणि तो लोभ वाईट नाहीं. पण सूर्य सव्वापांचच्या सुमारास मावळतो. त्या वेळीं पुण्यास मुलें अजून मैदानावर खेळत असतात. ऊन गेलें कीं अर्ध्या घटकेंत पाणी गोठूं लागतें. दिवसा वाटेवर झिरपलेलें पाणी रात्रीं फरशीवर कांचेसारखें बसतें. तें पारदर्शक असल्यामुळें दिसत नाहीं. ताज्या बर्फापेक्षां ही कांच अधिक हाडें मोडते.

बर्फ केव्हां पडेल याचाही एक नियम आहे. येथील हिंवाळी बर्फ आपल्या मोसमी वाऱ्यांनीं येत नाहीं. तो भूमध्य समुद्राच्या बाजूनें, इराण-अफगाणिस्थानावरून पूर्वेकडे सरकत येणाऱ्या वादळी प्रवाहांबरोबर येतो. हवामान खात्याच्या अंदाजांत यांस पश्चिमी विक्षोभ म्हणतात, आणि त्यांची चाहूल बहुधा कांहीं दिवस आधीं लागते. तेव्हां निघण्यापूर्वीं आठवडाभर, आणि वाटेंतही रोज, डेहराडूनच्या हवामान केंद्राचा अंदाज पाहणें हें जोडे घेण्याइतकेंच आवश्यक आहे. बर्फ कधीं कधीं भलत्याच दिशेनेंही येतो. १२ ऑक्टोबर २०१४ रोजीं हुदहुद नांवाचें चक्रीवादळ विशाखापट्टणजवळ किनाऱ्यास लागलें. तेथून तें उत्तरेकडे सरकलें, आणि दोनच दिवसांनीं, १४ तारखेला, नेपाळांत अन्नपूर्णेच्या भागांत त्याचें हिमवादळ झालें. थोरांग खिंड ५,४१६ मीटरवर आहे. ती ओलांडून मुक्तिनाथाकडे उतरावयाचें असतें. वाट दिसेनाशी झाली, आणि त्या प्रदेशांत चाळीसांहून अधिक माणसें दगावलीं. बंगालच्या उपसागरांतील वाऱ्याचा आपल्या पर्वतावरील वाटेशीं काय संबंध, असें त्या दिवसापूर्वीं पुष्कळांना वाटलें असेल. ऑक्टोबर हा तर तेथील उत्तम ऋतु मानला जातो.

आतां शरीराविषयीं. उंचावरील हवेंत प्राणवायूचें प्रमाण कमी होतें हा समज चुकीचा आहे. प्रमाण तेंच असतें, पण हवाच विरळ होते. चंद्रशिलेवर हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें तीन-पंचमांश भरतो. म्हणजे एका श्वासांत जें मिळावयाचें त्यासाठीं जवळजवळ पावणेदोन श्वास घ्यावे लागतात. शरीर याची संवय करून घेतें, पण त्याला दिवस लागतात. हरिद्वाराहून पहांटे निघून संध्याकाळीं चोपता गांठावयाचें, आणि दुसऱ्याच दिवशीं पहांटे तीनला उठून सूर्योदयासाठीं चंद्रशिला चढावयाची, असा जो बेत सर्वत्र विकला जातो तो मला मुळींच मान्य नाहीं. एका दिवसांत शरीराला तीनशे मीटरांवरून सत्तावीसशेंवर नेलें, आणि त्याची समजूत पडण्यापूर्वींच चार हजारांवर ओढलें! शिवाय पहांटे तीनला ती कांच सर्वांत कठीण असते, थंडी सर्वांत तीव्र असते आणि डोळ्यांना कांहीं दिसत नाहीं. सूर्योदय चोपत्याच्या कुरणावरूनही फार सुंदर दिसतो.

त्यापेक्षां पहिली रात्र ऊखीमठास काढावी. तें तेराशे मीटरांच्या आसपास आहे. तेथें ओंकारेश्वराच्या मंदिरांत हिंवाळ्यांत केदारनाथाची पूजा होते, तीही पाहून घ्यावी. दुसरी रात्र सारी गांवीं. तेथून देवरियाताल हें तळें अडीच-तीन किलोमीटरांवर, सुमारें २,४०० मीटर उंचीवर आहे; तेथपर्यंत चढून परत खालीं यावें. तिसरी रात्र चोपत्याला, आणि चढ चौथ्या दिवशीं. दोन दिवस अधिक गेले असें ज्यांना वाटतें त्यांनीं रजेचा हिशेब पुन्हां करावा, नाहींतर चंद्रशिला सोडून तुंगनाथापर्यंतच जावें.

विरळ हवेची बाधा बहुधा अडीच हजार मीटरांच्या वर, पोंचल्यावर कांहीं तासांनीं दिसूं लागते. डोकें दुखतें, अन्न नकोसें वाटतें, मळमळतें, झोंप लागत नाहीं, चालतांना भोंवळ येते. एवढ्यावर थांबली तर विश्रांतीनें बहुधा उतरते. अट इतकीच कीं लक्षणें असतांना आणखी वर झोंपावयास जाऊं नये. पण स्वस्थ बसलें असतांही धाप लागणें, खोकल्याबरोबर फेस येणें, बोलण्यांत घोंटाळा होणें, किंवा टांचेला पाऊल लावून सरळ रेषेंत चालतां न येणें, यांपैकीं एकही गोष्ट दिसली तर रात्र असो वा पहांट, माणसाला ताबडतोब खालीं उतरविणें हाच उपाय. ॲसिटाझोलामाइड नांवाचें औषध कांहींजण आधींपासून घेतात. तें वैद्यास विचारूनच घ्यावें. सल्फा औषधें न मानवणाऱ्यांनीं तर ही गोष्ट वैद्यास आधींच सांगावी. औषध घेतलें म्हणून घाई करण्याचा परवाना मिळत नाहीं. ज्यांस हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा विकार आहे त्यांनीं तिकिटें काढण्यापूर्वीं प्रकृति तपासून घ्यावी. तिकिटें काढल्यानंतर तपासणीचा निकाल कोणालाच ऐकावयाचा नसतो.

हीं लक्षणें पाठ असणें पुरेसें नाहीं. तीं सांगावीं लागतात, आणि येथेंच आपलें घोडें पेंड खातें. आपल्या घरांत सोसण्याला गुण मानलें आहे. डोकें दुखत असतां वीस माणसांचा स्वयंपाक उरकून मग पडणाऱ्या आजीची गोष्ट आपण कौतुकानें सांगतों. दुसऱ्या खेपेस आमच्या मंडळींत एक वहिनी होत्या. चोपत्याला पोंचल्या संध्याकाळीं त्यांनीं सर्वांचीं पांघरुणें घातलीं, सर्वांना वाढलें, आणि स्वतःच्या ताटांतली खिचडी हळूच बाजूला सारली. आम्हां कोणाच्या तें लक्षांत आलें नाहीं. कारण बाईमाणसानें कमी जेवणें आपल्याकडे कोणाला विशेष वाटत नाहीं. लक्षांत आलें तें आमच्याबरोबरच्या सारीच्या तरुण वाटाड्याच्या. त्यानें नीट विचारलें तेव्हां दुपारपासून डोकें फुटत असल्याचें वहिनींनीं कबूल केलें. "माझ्यामुळें तुमचा सगळ्यांचा बेत मोडेल," एवढेंच त्या म्हणाल्या. त्यांच्या यजमानांनीं दुसऱ्या दिवशीं त्यांच्याबरोबर चोपत्यासच राहावयाचें ठरविलें, आणि तिसऱ्या दिवशीं वहिनी तुंगनाथापर्यंत आपल्या पायांनीं जाऊन आल्या. त्या रात्रीं तो मुलगा नुसता जेवून झोंपला असता तर काय झालें असतें याचा विचार मी अजून करतों.

म्हणून निघण्यापूर्वीं घरींच, सर्वांसमक्ष, असें ठरवावें कीं रोज सकाळीं व संध्याकाळीं प्रत्येकानें आपलें डोकें, पोट व झोंप यांचा हिशेब मोठ्यानें सांगावयाचा. "ठीक आहे" हें उत्तर धरावयाचें नाहीं. परतावयाचें कीं नाहीं याचा निर्णयही आधींच कोणाच्या तरी हातीं द्यावा. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा शब्द अखेरचा असतो. पंचविशींतला पहाडी मुलगा पासष्टीच्या अण्णांना "आतां मागें फिरा" असें कसें सांगणार? यासाठीं अण्णांनींच पहिल्या दिवशीं त्याला सर्वांदेखत सांगावें कीं तुझा शब्द मला मान्य आहे, आणि मग तो मानावा. माझ्या मतें सबंध तयारींत हीच गोष्ट सर्वांत कठीण आहे.

उपवासाचेंही तसेंच. या दिवसांत एकादशी आली, संकष्टी आली, मार्गशीर्षांतले गुरुवार आले, कित्येकांकडे चंपाषष्ठीचें षड्रात्र आलें. त्यांत जावयाचें देवाच्या ठिकाणीं. तेव्हां निरशन राहून चढावें, गार पाण्यानें स्नान करावें, मंदिराच्या आवारांत जोडे काढून अनवाणी प्रदक्षिणा घालावी, अशी इच्छा अनेकांच्या, विशेषतः भगिनींच्या, मनांत येते. मी या श्रद्धेचा उपहास करणारा नव्हें. परंतु थंडींत शरीर अन्न जाळूनच ऊब करतें. रिकाम्या पोटीं चढणाऱ्याची ऊब व बुद्धि दोन्ही आधीं जातात. गोठलेल्या फरशीवर अनवाणी उभें राहिलें तर पायांचीं बोटें बधिर होऊन हिमदंश होऊं शकतो. आणि कपाटें बंद असलेल्या मंदिरासमोर हें सारें करावयाचें! कुमारसंभवाच्या पांचव्या सर्गांत खुद्द शंकर बटूच्या वेषानें येतात आणि तप करणाऱ्या पार्वतीला तिच्या शरीराच्या कुशलाविषयीं विचारतात, तें याच हिमालयांत. ज्यांना शास्त्राचा आधार हवा त्यांनीं आपल्या रोजच्या संकल्पाकडेच पाहावें. त्यांत कर्माचें नांव येण्यापूर्वीं देश आणि काल यांचा उच्चार होतो, आणि 'यथाशक्ति' हा शब्दही आपण तेथें घालतों. चार हजार मीटर हा देश आहे, हेमंत हा काल आहे, आणि शक्ति किती ती सकाळच्या हिशेबांत सांगितलीच आहे.

तेव्हां जेवून निघावें, आणि वाटेंत दर तासाला थोडें खावें. आपल्या घरांत यासाठीं नवें कांहीं शोधावें लागत नाहीं. दुधांत भिजविलेल्या कणकेच्या दशम्या, डिंकाचे किंवा मेथीचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. हीं सारीं प्रवासाचींच खाणीं आहेत. चिक्की मात्र आंतल्या खिशांत ठेवावी, थंडींत ती दांत पाडते. पाणी पुष्कळ प्यावें. आडोसा नाहीं म्हणून स्त्रिया दिवसभर पाणी पीत नाहींत आणि संध्याकाळीं डोकेंदुखीनें हैराण होतात. मग ती डोकेंदुखी हवेची कीं तहानेची हेंही कळत नाहीं. सोबतच्या पुरुषांनीं आडोशाची व्यवस्था न सांगतां करावी. पाण्याची बाटली पिशवींत उलटी ठेवावी, म्हणजे वर धरणारा बर्फ तळाकडे राहतो व तोंड मोकळें राहतें.

कपड्यांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण दुकानदार तें विस्तारानें सांगतातच. अंगालगत सुती गंजीफ्रॉक घालूं नये. तो घामानें भिजतो आणि मग वाळत नाहीं. अंगालगत पातळ लोंकर किंवा कृत्रिम धाग्याचें वस्त्र, त्यावर स्वेटर, आणि सर्वांवर वारा न येऊं देणारें जाकीट. चढतांना किंचित थंडी वाजत राहील इतकेच कपडे अंगावर ठेवावेत, आणि थांबतांक्षणीं जाकीट चढवावें. बहुतेक लोक नेमकें उलटें करतात. जाड कपडे घालून घाम काढतात व मग वाऱ्यांत ओले बसतात. स्त्रियांनीं या एका दिवसासाठीं साडीचा आग्रह सोडावा. हातमोज्यांचे दोन जोड, कान झांकणारी टोपी, बर्फावरील उन्हासाठीं काळा चष्मा, डोक्यावर बांधावयाची विजेरी, आणि जोड्यांखालीं चढवावयाच्या लोखंडी दातांच्या सांखळ्या बरोबर असाव्यात. या सांखळ्यांची व दोन काठ्यांची किंमत उतरतांना कळते. जोडे दीड-दोन महिने आधीं घेऊन घरांत, रस्त्यावर, जिन्यावर वापरलेले असावेत. मोबाईल आंतल्या खिशांत ठेवावा. थंडींत त्याची विजेरी भराभर उतरते.

सरावासाठीं आठ आठवडे पुरेत. पर्वतीच्या पायऱ्या किंवा राहत्या इमारतीचा जिना पाठीवर पांच-सहा किलो घेऊन चढावा आणि, हें महत्त्वाचें, उतरावाही. गुडघे उतरतांनाच तक्रार करतात. रविवारीं सिंहगड अतकरवाडीकडून करावा. चोपता ते चंद्रशिला हा चढ त्याच्या दुपटीच्या घरांत जातो. वाग्भटानें अष्टांगहृदयांत सबळ व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसालासुद्धां थंडींत निम्म्या शक्तीनेंच व्यायाम करावयास सांगितलें आहे. पर्वतावर चालण्याचा वेग ठरवावयास याहून चांगलें माप मला ठाऊक नाहीं: शेजारच्याशीं सबंध वाक्य बोलतां येईल इतक्याच वेगानें चालावें.

एक धोक्याची गोष्ट राहिली. रात्रीं थंडी असह्य झाली कीं मंडळी निखाऱ्याची शेगडी खोलींत घेतात आणि दारें-खिडक्या घट्ट लावतात. या निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु दिसत नाहीं, त्याला वास नाहीं, आणि झोंपलेल्या माणसाला तो जागें करीत नाहीं. शेगडी बाहेर ओसरीवर शेकावी. खोलींत रजई आणि गरम पाण्याची रबरी पिशवी. यजमानानें प्रेमानें शेगडी आणून ठेवली तरी ती हात जोडून बाहेर ठेवावयास सांगावी.

चढाच्या दिवशीं ऊन वाटेवर आल्यावर, सातच्या सुमारास, निघावें. बाराला जेथें असाल तेथून वळावें, मग चंद्रशिला पन्नास पावलांवर असो. या हिशेबानें तीन-साडेतीनला चोपत्याला पोंचतां येतें आणि हातांत अजून दोन तासांचा उजेड राहतो. तुंगनाथाच्या वर बर्फ सांठला असेल तर वाट उताराच्या अंगानें जाते. तेथें वाटाड्या नको म्हणाला तर मंदिराच्या ओट्यावर बसून लाडू खावा. तेथूनही शिखरें दिसतात. हा सारा प्रदेश केदारनाथ वन्यजीव अभयारण्याच्या परिसरांतला आहे. वनखात्याच्या चौकीवर नांवें नोंदवावीं, आणि परत आल्याचें कळवावें.

ज्यांना दर्शन घडावें असें वाटतें त्यांनीं परततांना एक दिवस मक्कूमठासाठीं ठेवावा. तें चोपत्याहून बरेंच खालीं, देवदारांतून जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि हिंवाळ्यांत तुंगनाथ तेथेंच असतात. तेथें गरम पाण्यानें स्नान करावें, सोवळें नेसावयाचें असेल तर नेसावें, वहिनींना उपवास धरावयाचा असेल तर तोही धरूं द्यावा.